परदेशातील जपानी डबाबंद मद्यपेये : किंमत आणि करव्यवस्था – एक विवेचन

प्रस्तावना :
जपानी बाजारपेठेतील 'चू-हाय' हे डबाबंद पेय सर्वपरिचित आहे. 'शोचू' हे ऊर्ध्वपातित मद्य आणि 'हायबॉल' या दोन शब्दांच्या संयोगातून हे नाव रूढ झाले. ताकारा कंपनीने १९८४ मध्ये ते डब्यातून विक्रीस आणले. पुढे किरीनचे 'ह्योकेत्सु' (२००१) व सन्टोरीचे 'स्ट्राँग झीरो' (२००९) लोकप्रिय झाले. मायदेशी स्वस्त असणारे हे पेय परदेशात महाग का होते व परवडणाऱ्या दरात केव्हा मिळू शकते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

स्वस्ताईचे मूळ :
जपानमधील मद्यकर पेयाचा वर्ग व आकारमान यांवर अवलंबून असतो. ३५० मि.लि. बिअरवर सप्टेंबर २०२० पर्यंत ७७ येन कर होता. चू-हायवर मात्र २८ येन. विशेष म्हणजे ३ टक्के मद्यार्क असो वा ९ टक्के, चू-हायवरील कर सारखाच. त्यामुळे तेवढ्याच करात अधिक तीव्र पेय विकणे उत्पादकांना शक्य झाले. करसुधारणेनुसार ऑक्टोबर २०२६ पासून चू-हायसाठी ३५ येन व बिअरसाठी ५४.२५ येन असे दर ठरविण्यात आले. म्हणजेच ही तफावत कमी करण्याचे धोरण स्वीकारले गेले.

सीमेपलीकडील किंमत :
निर्यातीच्या मालावर जपानी मद्यकर लागत नाही. तथापि डब्यात बहुतांशी पाणीच असल्याने वजनाच्या मानाने वाहतूक खर्च जास्त पडतो आणि त्यावर आयात करणाऱ्या देशाचा कर येतो. पुढील तीन उदाहरणे बोलकी आहेत.

१) सिंगापूर : ऊर्ध्वपातित मद्यावर शुद्ध मद्यार्काच्या दर लिटरमागे ८८ सिंगापूर डॉलर अबकारी शुल्क आहे. ९ टक्के तीव्रतेच्या ३५० मि.लि. डब्यात ३१.५ मि.लि. मद्यार्क असतो, त्यावरील शुल्क सुमारे २.७७ डॉलर होते. ३ टक्क्यांच्या डब्यावर ते ०.९२ डॉलर इतकेच भरते.
२) हाँगकाँग : ३० टक्क्यांपर्यंत मद्यार्क असलेल्या पेयांवरील शुल्क २००८ मध्ये रद्द झाले. साहजिकच येथे प्रश्न मुख्यतः वाहतूक व नफ्याचा उरतो.
३) अमेरिका : ऊर्ध्वपातित मद्याच्या सर्वसाधारण संघीय दराने ९ टक्क्यांच्या अशा डब्यावर सुमारे २२ सेंट, तर बिअरच्या तेवढ्याच डब्यावर सुमारे ५ सेंट कर येतो. शिवाय १९३३ नंतर रूढ झालेल्या उत्पादक, घाऊक व किरकोळ विक्रेता या त्रिस्तरीय रचनेत प्रत्येक टप्प्यावर किंमत वाढते.

ग्राहकाच्या दृष्टीने :
मद्यार्कानुसार कर असलेल्या देशात कमी तीव्रतेचे पेय निवडणे हाच काटकसरीचा मार्ग ठरतो. 'डॉन डॉन डॉन्की'सारखी जपानी मालाची दुकाने (सिंगापूर २०१७, हाँगकाँग २०१९) दरांच्या तुलनेसाठी उपयुक्त आहेत. सन्टोरीने ऑस्ट्रेलियात (२०२१) व अमेरिकेत (२०२४) '-१९६' हे ६ टक्क्यांचे पेय आणले. नाव जपानी असले तरी प्रत्येक डबा जपानमधील डब्यासारखाच असतो असे नाही. म्हणून वेष्टनावरील मद्यार्काचे प्रमाण व उत्पादनस्थळ वाचणे अगत्याचे आहे.

समारोप :
येथे स्वस्ताईची दुसरी बाजूही लक्षात घ्यावी लागते. ९ टक्क्यांच्या एका डब्यात सुमारे २५ ग्रॅम शुद्ध मद्यार्क असतो. जपानच्या आरोग्य मंत्रालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये जीवनशैलीजन्य रोगांचा धोका वाढविणारे दैनंदिन प्रमाण स्त्रियांसाठी २० ग्रॅम व पुरुषांसाठी ४० ग्रॅम असे सांगितले. म्हणजे एकच डबा स्त्रियांसाठीची मर्यादा ओलांडतो. असाही कंपनीने जानेवारी २०२४ मध्ये ८ टक्के व त्याहून तीव्र नवी चू-हाय पेये न आणण्याचे जाहीर केले. यावरून असे म्हणता येईल की, आकारमानावरील कर तीव्रतेची किंमत झाकतो, तर मद्यार्कावरील कर ती उघड करतो. परदेशात महाग वाटणारा डबा पुष्कळदा हीच झाकलेली किंमत दाखवीत असतो.