शीतसागराच्या तळाशी

समुद्राचे पाणी खारे असल्यामुळे ते शून्य अंश सेल्सिअसला गोठत नाही, उणे १.९ अंशांच्या सुमारास गोठते. माशांचे रक्त मात्र त्याहून कमी खारे असते व बहुतेक माशांच्या बाबतीत उणे १ अंश गाठण्यापूर्वीच गोठू शकते. मग अंटार्क्टिकाच्या मॅकमर्डो खाडीत, जेथे वर्षाचा बहुतेक काळ समुद्रावर बर्फाचे छत असते, तेथे मासे जगतात तरी कसे?

याचे उत्तर आपणांस वीत-दीड वीत लांबीच्या एका माशात सापडते. त्याचे शास्त्रीय नाव ट्रेमॅटोमस बर्नाकी. इ.स. १८९८ ते १९०० च्या सदर्न क्रॉस मोहिमेतील भौतिकशास्त्रज्ञ लुई बर्नाकी यांच्यावरून ते पडले. या माशाला तरंगण्यास साहाय्य करणारे वाताशय नसते. त्यामुळे तो खडक, वाळू व स्पंज यांच्या आश्रयाने तळाशीच वावरतो आणि तेथील कृमी व लहान कवचधारी प्राणी यांवर उपजीविका करतो.

१९६० च्या दशकात आर्थर डीव्ह्रीज यांनी अशा अंटार्क्टिक माशांच्या रक्तातील एक विलक्षण द्रव्य उजेडात आणले. शर्करेचे अंश जोडलेली ही प्रथिने शरीरात शिरलेल्या बर्फाच्या सूक्ष्म कणाला चिकटतात आणि त्याची वाढ रोखून धरतात. या प्रथिनांचा जनुक प्रथिने पचविणाऱ्या एका विकराच्या जनुकापासून घडला, हे १९९७ साली स्पष्ट झाले. निसर्गाने जुन्याच सामग्रीतून नवे संरक्षण उभे केले.

परंतु या सामर्थ्याला दुसरी बाजूही आहे. उष्णता वाढली की बहुतेक सजीवांच्या पेशी विशेष प्रथिने तातडीने निर्माण करून स्वतःला सावरतात. लक्षावधी वर्षे स्थिर थंडीत राहिलेल्या या माशाच्या पेशींत तो प्रतिसाद आढळत नाही. १९६७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत असे मासे ६ अंशांच्या आसपासच मृत्यू पावले. आपल्याकडील हिवाळ्याची पहाटही त्यांना प्राणघातक ठरावी!

समुद्र तापू लागला की अनेक मासे थंड पाण्याच्या शोधात ध्रुवाकडे सरकतात. हा मासा मात्र आधीच दक्षिणेच्या टोकाशी आहे. त्यापुढे पाणी नाही, केवळ हिमाच्छादित भूमी आहे. म्हणूनच दूरच्या समुद्रातील एका अंशाची वाढ आपण क्षुल्लक मानू नये. आपल्याला जाणवणारही नाही असा तो फरक तेथील तळवासी जीवांच्या सहनशक्तीचा मोठा वाटा हिरावून घेतो.