घरट्याबाहेरचे पिल्लू आणि दुधाचा ड्रॉपर

एप्रिल उजाडला की बाल्कनीतल्या वेलीत, गच्चीवरच्या कुंडीत, कधी जिन्यातल्या दिव्याच्या वायरवरही बुलबुलाची जोडी घरटे बांधायला घेते. लालबुड्या बुलबुल माणसांच्या वावराला फारसा बुजत नाही. दोन-तीन अंडी, जेमतेम दोन आठवड्यांची उबवण आणि पुढे साधारण बारा दिवसांत पिल्ले घरट्याबाहेर. सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो. बुलबुलाचे पिल्लू घरटे सोडते तेव्हा त्याला धड उडता येत नसते. शेपटी बोटाच्या पेराएवढी, पंख अर्धवट, डोक्यावर विस्कटलेली लव. ते कुंडीमागे किंवा पायरीवर गप्प बसून राहते. घरातल्या मुलांना ते दिसते, कोणीतरी ‘पडलंय बिचारं’ म्हणते आणि मिनिटाभरात बुटाचे खोके, कापूस, वाटीत दूध आणि औषधाचा ड्रॉपर हजर होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी खोक्यात हालचाल नसते.

यात कोणाच्याही मनात वाईट काही नसते. उलट मायेपोटीच हे सारे केले जाते. पण पक्ष्याचे शरीर माणसाच्या बाळासारखे चालत नाही, आणि बाळासाठी जे योग्य तेच पिल्लासाठी घातक ठरते.

आधी हे पिल्लू खरोखर अनाथ आहे का, ते पाहायला हवे. बहुतेक वेळा ते नसते. अंगावर पिसे आली आहेत, डोळे उघडे आहेत, बोटावर ठेवले तर पायांनी घट्ट धरते, तुरुतुरु उड्या मारते, अशा पिल्लाला कोणी वाचवण्याची गरज नसते. ते उडायला शिकत असते. आई-बाप जवळच्या फांदीवर चोचीत किडा धरून माणसे कधी जातात याची वाट बघत असतात. घरटे सोडल्यानंतरही कितीतरी दिवस ते पिल्लांना भरवतात. त्यामुळे घरात जाऊन खिडकीआडून तास-दोन तास नजर ठेवावी. पिल्लाच्या भोवती उभे राहून ‘आई येतच नाही’ म्हणण्यात अर्थ नाही. मांजराची किंवा रस्त्याची भीती असेल तर पिल्लू उचलून जवळच्या झुडपात, दाट फांदीवर ठेवावे. माणसाचा हात लागला की पक्षी पिल्लाला टाकून देतात, ही समजूत घरोघरी आहे आणि ती चुकीची आहे. हाताच्या वासामुळे पक्षी आपली पिल्ले सोडत नाहीत.

पिल्लू उघडेबोडके किंवा नुसत्या पिसांच्या काड्या फुटलेले असेल, तर मात्र ते घरट्यातच असायला हवे. घरटे शाबूत असेल तर उचलून परत ठेवावे. वाऱ्या-पावसात घरटे मोडले असेल, तर तळाला भोके पाडलेली लहान टोपली किंवा प्लास्टिकचा डबा घेऊन त्यात सुके गवत घालावे आणि त्याच झाडाला, उन्हापासून आडोसा मिळेल असा बांधून द्यावा. पिल्लांच्या आवाजावरून आई-बाप तिथे येतात आणि बहुतेकदा भरवूही लागतात. हा दहा मिनिटांचा खटाटोप पुढच्या तीन आठवड्यांच्या कष्टांपेक्षा आणि त्या कष्टांच्या निकालापेक्षा कितीतरी सरस आहे.

तरीही काही पिल्ले खरोखर अनाथ असतात. आई-बाप मेलेले डोळ्यांदेखत दिसतात, झाड तोडले गेलेले असते, पिल्लू मांजराच्या तोंडातून सुटलेले असते किंवा जखमी, थंडगार पडलेले असते. अशा वेळी पहिला तास महत्त्वाचा. त्या तासात अन्न नव्हे, ऊब द्यायची असते.

सरकारी रुग्णालयातल्या नवजात शिशु विभागात कमी वजनाचे बाळ आले की परिचारिका आधी त्याच्या अंगाला हात लावून ते गार आहे का बघते. पक्ष्याच्या पिल्लाचेही तसेच. मोठ्या पक्ष्याच्या शरीराचे तापमान ४० ते ४२ अंश सेल्सिअस असते, म्हणजे माणसाला ज्याला सणसणीत ताप म्हणावे तेवढे. बिनपिसांच्या पिल्लाला ही ऊब स्वतःची स्वतः निर्माण करता येत नाही, ती आईच्या पोटाखालून मिळते. गार पडलेल्या पिल्लाचे आतडे चालत नाही, आणि अशा वेळी भरवलेले अन्न पोटात तसेच पडून राहते. म्हणून गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून खोक्याच्या एका बाजूला ठेवावी. खोक्यात वाटी, वाटीत टिश्यू पेपर किंवा मऊ सुती कापडाची चुंबळ, म्हणजे पाय पोटाखाली नीट राहतात. सपाट गुळगुळीत तळावर पाय दोन्ही बाजूंना फाकतात आणि पुढे तसेच राहू शकतात. कापूस आणि टर्किश टॉवेल टाळावा, धागे नखांत अडकतात. बिनपिसांच्या पिल्लाला साधारण ३५ अंशांची ऊब लागते, पिसे आल्यावर कमी. पिल्लू चोच उघडी ठेवून धापा टाकू लागले, तर ऊब जास्त झाली असे समजावे.

आता ड्रॉपरकडे वळू. माणसाच्या घशात श्वासनलिकेवर एक झाकण असते, घास गिळताना ते मिटते. पक्ष्याला असे झाकण नाही. त्याच्या श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या अगदी मागे, चोचीच्या तळाशी उघडते. चोच उघडून पाहिले तर ती लहानशी फट श्वासागणिक उघडताना-मिटताना स्पष्ट दिसते. चोचीत वरून थेंब सोडला की तो थेट या फटीत जाण्याचा धोका असतो. माणसाला ठसका लागतो आणि पाणी बाहेर पडते. पक्ष्याला आपल्यासारखे छातीखालचे श्वासपटल नाही, तसे जोरात खोकताही येत नाही. त्याची फुप्फुसे पुढे हवेच्या पिशव्यांना जोडलेली असतात, त्यामुळे आत गेलेला द्रव बाहेर यायला वाटच राहत नाही. काही पिल्ले तिथल्या तिथे गुदमरतात, काही दोन दिवसांनी न्युमोनियाने जातात. घरच्यांना वाटते, त्याने धसका घेतला.

दुधाचे दुखणे वेगळे. दुधातली साखर पचवण्याचे विकर पक्ष्यांत नसते. त्यांच्या पूर्वजांनी कधी दूध प्यायलेच नाही, मग विकर असणार कुठून? त्यामुळे हगवण लागते, आणि एवढ्याशा शरीरातून एवढेसे पाणी गेले तरी जीव जातो. दूध-पाव, दूध-भात, बिस्किटाचा लगदा हे सारे याच यादीत. घरट्यातली पिल्ले पाणी पीतच नाहीत, त्यांना लागणारे पाणी किड्या-फळांतून मिळते.

मग द्यायचे काय? बुलबुल फळे खाताना दिसतो, म्हणून लोक पपईचा लगदा करतात. पण लहान पिल्लांना बुलबुलही प्रामुख्याने किडे, अळ्या आणि कोळीच भरवतो. चिमणीचेही तसेच. दाणे टिपणारी चिमणी पिल्लांसाठी मात्र दिवसभर अळ्या शोधत फिरते. वाढीसाठी प्रथिने लागतात आणि ती मिळण्याची ती जागा. बारा दिवसांत घरटे सोडायचे म्हणजे वाढीचा वेग काय असेल याची कल्पना करावी. घरात तातडीची सोय म्हणून उकडलेले अंडे कुस्करून, किंवा मांजरांसाठी मिळणारे कोरडे खाद्य कोमट पाण्यात भिजवून मऊ केलेले, मटारच्या दाण्याहून लहान घासाने देता येते. घास ओलसर असावा, पण त्यातून पाणी गळता कामा नये. बोथट टोकाच्या चिमट्याने तो चोचीत खोलवर, जिभेच्या मागे ठेवावा.

पिल्लू चोच उघडत नसेल तर ती ओरबाडून उघडू नये. नीको टिनबर्गन आणि कुएनेन यांनी १९३९ साली पिल्लांच्या याच ‘आ वासण्याचा’ अभ्यास प्रसिद्ध केला होता. डोळे मिटलेली पिल्ले घरट्याला बसणाऱ्या हलक्या हादऱ्याला आ वासतात, कारण आई काठावर बसली की घरटे हलते. डोळे उघडल्यावर ती वरून हलणाऱ्या आकाराकडे माना वळवतात. म्हणून वाटीच्या काठावर बोटाने अलगद टिचकी मारली की काम होते. ऊब मिळालेल्या, धडधाकट पिल्लाची चोच आपसूक उघडते. तरीही उघडत नसेल, तर ते आजारी आहे आणि त्याला पशुवैद्यकाची गरज आहे.

हे भरवणे किती वेळा? सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत, बिनपिसांच्या पिल्लाला दर पंधरा-वीस मिनिटांनी, पिसे आल्यावर अर्ध्या-पाऊण तासाने. नोकरी करणाऱ्या घरात हे जमत नाही, आणि ‘सकाळ-संध्याकाळ पोटभर’ हा हिशोब इथे चालत नाही. भरवण्यात खंड पडला तर त्याची नोंद पिसांवर राहते. त्या काळात वाढलेल्या पिसाच्या भागावर आडवी, कमकुवत रेघ उमटते आणि पुढे पीस तिथेच मोडते. किड्यांमध्ये चुना, म्हणजे कॅल्शियम, फार कमी असतो. नुसत्या अळ्यांवर किंवा नुसत्या मांसाच्या तुकड्यांवर वाढवलेल्या पिल्लाची हाडे मऊ राहतात, पाय वाकतात, पंख फडफडवताना हाड मोडते. मुलांमधल्या मुडदुसाचाच हा प्रकार. अंड्याच्या कवचाची वस्त्रगाळ पूड चिमूटभर मिसळली तर थोडा आधार होतो, पण पिल्लू ‘खातंय, मोठं होतंय’ एवढ्यावर समाधान मानणाऱ्या घरांत हे लक्षातच येत नाही.

सगळ्या पिल्लांना एक नियम लागू होत नाही, हेही खरे. कबुतराचे पिल्लू आ वासतच नाही, ते आपली चोच आई-बापाच्या तोंडात घालून त्यांच्या गळ्यातल्या पिशवीत तयार होणारा दह्यासारखा घट्ट पदार्थ खाते. त्याला ‘क्रॉप मिल्क’ म्हणतात, पण नावात दूध असले तरी दुधातली साखर त्यात नसते. घुबडाचे पिल्लू झाडाखाली दिसले तर ते अनेकदा नखांच्या जोरावर खोडावरून पुन्हा वर चढते. कावळ्यांनी टोचलेले ठिपकेदार पिल्लू कोकिळेचे असू शकते. एकूण, पिल्लू कोणाचे हे ओळखल्याशिवाय आहार ठरवता येत नाही आणि ओळखणे हे जाणत्याचेच काम आहे.

घरातली औषधे तर दूरच ठेवावीत. लहान मुलांचे तापाचे थेंब, वेदनाशामक गोळीचा कण, उरलेले प्रतिजैविक यांतले काहीही देऊ नये. डायक्लोफिनॅक हे माणसाला सर्रास दिले जाणारे औषध गिधाडांची मूत्रपिंडे निकामी करते, हे २००४ साली सिद्ध झाले आणि २००६ मध्ये भारतात त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली, तोवर गिधाडे जवळजवळ संपली होती. मांजराने धरलेल्या पिल्लाला मात्र प्रतिजैविक लागतेच, जखम दिसत नसली तरी. मांजराच्या लाळेतले पाश्चुरेला जंतू एखाद्या दिवसातच रक्तात पसरतात. पण औषध कोणते आणि किती हे पशुवैद्यक ठरवेल.

घरातल्या माणसांचाही विचार हवा. विष्ठेतून साल्मोनेला आतड्यांत जाऊ शकतो, म्हणून पिल्लू हाताळल्यावर साबणाने हात धुणे आणि त्याचे खोके स्वयंपाकघरापासून लांब ठेवणे हे किमान. पोपट-कबुतरांकडून सिटॅकोसिस हा फुप्फुसांचा आजार होतो. १९२९-३० मध्ये दक्षिण अमेरिकेतून निर्यात झालेल्या पोपटांमुळे तो अनेक देशांत पसरला होता. पक्ष्यांच्या वाळलेल्या विष्ठेची आणि पिसांची धूळ दीर्घकाळ श्वासात गेल्याने काही जणांच्या फुप्फुसांना ॲलर्जीची सूज येते, मुंबईतल्या कबुतरखान्यांच्या वादामुळे हे आता बऱ्याच जणांना ठाऊक झाले आहे. एका पिल्लाने एवढे होत नाही. पण दमेकरी, गरोदर स्त्री, तान्हे मूल किंवा केमोथेरपी घेणारा रुग्ण घरात असेल तर पिल्लाचा सांभाळ दुसऱ्याने करावा. पुढे आठवडाभरात ताप-खोकला आला तर डॉक्टरांना पक्ष्याचा संबंध आवर्जून सांगावा. रुग्ण हे आपणहून सांगत नाहीत आणि ओपीडीच्या गर्दीत कोणी विचारतही नाही. परिसरात एकाच वेळी बरेच पक्षी मरून पडलेले दिसले तर मात्र कशालाही हात न लावता पशुसंवर्धन विभागाला कळवावे. २००६ साली नंदुरबारमधल्या नवापूरला बर्ड फ्लू आला, तेव्हापासून ही खबरदारी आपल्याला नवी नाही.

समजा, एवढे सगळे जमले आणि पिल्लू वाढले. मग खिडकी उघडली की ते उडून जाईल आणि सुखी होईल, असे घडत नाही. कोन्राड लोरेंझ यांच्यामागे धावणारी हंसांची पिल्ले प्रसिद्ध आहेत. कोवळ्या वयात जो समोर दिसतो तो आपला, अशी खूणगाठ बांधली जाते. बुलबुल त्या हंसांइतका चटकन फसत नसला, तरी माणसाच्या हातून दिवसातून चाळीस वेळा घास खाल्लेले पिल्लू माणसाला आणि त्याच्या मांजरालाही भीत नाही. किडा कसा पकडायचा, शिक्रा दिसल्यावर कुठे दडायचे, आपल्या जातीचे बोलणे कसे असते, हे त्याला कोण शिकवणार? गाणाऱ्या पक्ष्यांची पिल्ले मोठ्यांचे ऐकून गाणे शिकतात. एकट्याने वाढवलेले पक्षी अर्धवट, बेढब गातात, हे विल्यम थॉर्प यांनी चॅफिंच पक्ष्यांवर १९५० च्या दशकात दाखवून दिले. म्हणून अनुभवी संस्था एकाच जातीची पिल्ले एकत्र वाढवतात, मोठ्या पिंजऱ्यात उडायला लावतात आणि मगच सोडतात.

कायदाही हेच सांगतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार आपल्याकडचा रानपक्षी घरात पाळता येत नाही, आणि तो ताब्यात आला तर ४८ तासांच्या आत वन विभागाला किंवा पोलिसांना कळवावे लागते. महाराष्ट्रात वन विभागाची ‘हॅलो फॉरेस्ट’ हेल्पलाइन १९२६ या क्रमांकावर आहे. नागपूरला सेमिनरी हिल्सवर वन विभागाचे उपचार केंद्र आहे, मुंबईत परळच्या बाई साकरबाई प्राण्यांच्या रुग्णालयात पक्ष्यांवरही उपचार होतात. इतर शहरांत १९२६ वरूनच जवळच्या केंद्राची चौकशी करावी.

नेताना पिल्लू झाकणाच्या, भोके पाडलेल्या खोक्यात, उबेसह ठेवावे. वाटेत भरवू नये, पाणी पाजू नये, झाकण उघडून सारखे बघू नये, गाडीत गाणी लावू नयेत. पिल्लू नेमके कोणत्या इमारतीपाशी, कोणत्या झाडाखाली, किती वाजता सापडले हे कागदावर लिहून खोक्यावर चिकटवावे. पिल्लू धडधाकट निघाले, तर केंद्रातली माणसे त्याला त्याच झाडापाशी परत आणून ठेवू शकतात, आणि एवढ्या वेळात आई-बाप तिथून गेलेले नसतात.