आधी डॉक्टर, मग विमान

बारावीचा निकाल लागला, की "पायलट व्हायला काय करावं लागतं हो?" हा प्रश्न हमखास कानावर येतो. विचारणारे बहुधा आईवडील असतात आणि त्यांचा पुढचा प्रश्न खर्चाचा असतो. हिशेब लाखांत जातो. कुणी घर तारण ठेवतं, कुणी शेत विकायला काढतं. म्हणून मी त्यांना एवढंच सांगतो, की फीचा पहिला हप्ता भरण्यापूर्वी मुलाची किंवा मुलीची वैद्यकीय तपासणी करून घ्या.

नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजेच डीजीसीए, व्यावसायिक वैमानिकाकडून 'क्लास वन' तपासणीचा दाखला मागते. शिकाऊ परवान्यापुरती त्याहून सौम्य 'क्लास टू' तपासणी चालते आणि घोळ होतो तो इथेच. क्लास टूवर प्रशिक्षण सुरू होतं, पैसे भरले जातात आणि मग क्लास वनमध्ये रंग ओळखण्यातला दोष किंवा कानाची, हृदयाची तक्रार निघते. चष्म्याची मात्र लोक उगाच धास्ती घेतात. चष्म्याने नजर ठीक होत असेल, तर सहसा अडत नाही.

व्यावसायिक परवान्यासाठी वय किमान 18 वर्षं आणि उड्डाणाचे किमान 200 तास लागतात. त्यांतले 100 तास विमानाची जबाबदारी स्वतःवर घेऊन उडायचे. एक फेरी किमान 300 सागरी मैलांची, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर उतरून. शिवाय रात्रीचं उड्डाण आहे, बाहेर न बघता नुसत्या यंत्रांच्या भरवशावर विमान चालवणं आहे. जमिनीवर हवामानशास्त्र, दिशादर्शन, हवाई नियम, विमानाचं तंत्र असे पेपर असतात आणि उत्तीर्ण व्हायला 70 टक्के गुण लागतात. वैमानिक आणि मनोरे यांच्यातल्या संभाषणासाठी रेडिओचा परवाना वेगळा काढावा लागतो.

आता 200 तास म्हणजे आठ-साडेआठ दिवस झाले, असं कुणी म्हणेल! पण हे तास मिळवताना महिनोन् महिने जातात. पावसाळ्यात ढग खाली येतात, विमान दुरुस्तीला जातं, शिक्षक मोकळा नसतो. तेव्हा संस्थेत जाल, तर रंगीत माहितीपत्रक बाजूला ठेवून विचारा: उडण्याच्या स्थितीत विमानं किती, विद्यार्थी किती, आणि गेल्या वर्षी किती जणांचे तास पूर्ण झाले?

परवाना हाती आला म्हणजे नोकरी मिळाली, असं नव्हे. सेसनासारख्या छोट्या विमानावर शिकलेल्याला एअरबस ए-320 किंवा बोइंग 737 चालवता येत नाही. त्या त्या विमानाचं 'टाइप रेटिंग' सिम्युलेटरवर वेगळं घ्यावं लागतं आणि त्याचा खर्चही वेगळा, तोही बराच. हा आकडा कर्ज काढतानाच धरलेला बरा. त्यानंतर विमान कंपनीने निवडलं, तर उजवीकडची, सहवैमानिकाची खुर्ची मिळते. डावीकडे कॅप्टन म्हणून बसण्यासाठी लागणाऱ्या परवान्याला वय किमान 21 आणि उड्डाणाचे 1500 तास हवेत.