शपथ घेतली, पुढे काय?

आजचा विषय शाळेचा आहे. पण तुम्ही एनएसएसमध्ये असाल किंवा घरात शाळेत जाणारी धाकटी भावंडं असतील, तर शेवटपर्यंत ऐका.

5 जूनला, पर्यावरण दिनी, शाळाशाळांत शपथ होते. 'मी पाणी वाचवीन, झाडं जगवीन.' 6 जूनला कोणी विचारतं का, त्याचं काय झालं? मला खरा धोका इथेच दिसतो. पर्यावरण म्हणजे हात पुढे करून म्हणायचं एक वाक्य, एवढंच मुलं शिकतात.

मग करायचं काय? तपासता येईल अशी शपथ घ्यायची. समजा, शाळेतला एक नळ गळतोय. त्याखाली एक लिटरची बाटली धरा, मोबाइलवर स्टॉपवॉच लावा. बाटली 20 मिनिटांत भरली, तर तासाला 3 लिटर, दिवसाला 72 लिटर. आता बघा, जल जीवन मिशनने गावातल्या एका माणसामागे दिवसाला किमान 55 लिटर पाणी धरलंय. म्हणजे एका माणसाच्या वाट्याहून जास्त पाणी नुसतं गळून जातंय! हा आकडा मुलांनी स्वतः काढला ना, की भाषणाची गरजच उरत नाही.

आता संकल्प. 'पाणी वाचवू' असा मोघम नको. 'येत्या 15 दिवसांत हा नळ दुरुस्त करून घेऊ' असा हवा. मुख्याध्यापकांना अर्ज कोण देणार, पाठपुरावा कोण करणार, पुन्हा कोण मोजणार, ही नावं फळ्यावर लिहायची. आपला नळ नीट बंद करणं ही चांगली सवय झाली. सगळ्यांचा नळ दुरुस्त करून घेणं हे नागरिकाचं काम. 1976 च्या 42 व्या घटनादुरुस्तीने पर्यावरणाचं रक्षण हे आपलं मूलभूत कर्तव्य केलंय, ते यासाठीच.

15 दिवसांनी तीच बाटली, तेच स्टॉपवॉच आणि तीन प्रश्न: ठरवलं ते केलं का? फरक किती पडला? अडलं कुठे?

नळ अजून गळत असेल तर मार्क कापू नका. मार्क कापले की पुढच्या वेळी मुलं आकडे फुगवतात. अर्ज कोणाच्या टेबलावर अडकला, हे शोधणं हाच पुढचा धडा.

झाडांचंही तसंच. लावतानाचा फोटो हा पुरावा नव्हे. एक उन्हाळा जाऊ द्या, मग किती जगली ते मोजा.

तर या आठवड्यात एक गळका नळ शोधा, मोजा आणि आकडा मला कळवा. भेटू पुढच्या भागात!