आमच्या चुलीवर फक्त बिर्याणीच शिजत नव्हती

ईद जवळ आली की ऑफिसातले, शेजारचे, मुलांच्या शाळेतल्या मित्रांचे आईवडील सगळे एकच विचारतात, "काय मग, बिर्याणी कधी?" प्रेमाने विचारतात, त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. आपणही हसून "या ना घरी" म्हणतो. पण अलीकडे हाच प्रश्न आपली मुलंही विचारू लागली आहेत. पाहुणे आले की बिर्याणी, मंगनी असली की बिर्याणी, नवीन घर घेतलं तरी बिर्याणी. दावत म्हणजे देग आणि सोबत थंड पेयाच्या बाटल्या, एवढंच उरलंय. घरातल्या दहावीच्या मुलाला आम्ही विचारलं, "सांदण खाल्लंस का कधी?" त्याने मोबाईलमधून मान वर केली आणि म्हणाला, "ते काय असतं?"

बिर्याणीशी आमचं भांडण नाही. आम्हीही चवीने खातो. पण महाराष्ट्रातल्या मुसलमानांचं जेवण म्हणजे तेवढंच, असं जगाने समजावं आणि मग आपणही तसंच समजू लागावं, हे काही बरोबर नाही. आपल्या आज्यांच्या चुलीवर जे शिजत होतं ते इथल्या मातीतलं होतं. कोकणात तांदूळ आणि नारळ, घाटावर ज्वारी, बाजरी आणि गूळ, खानदेशात गहू. त्यात फारसी आणि अरबी नावाचे पदार्थ येऊन मिसळले आणि इथलेच होऊन गेले.

कोकणापासून सुरू करू. अल-मसूदी हा बगदादचा प्रवासी इ.स. ९१६ च्या सुमारास चौलला येऊन गेला. अलिबागजवळचं हे चौल, अरब लोक त्याला सैमूर म्हणत. तिथे सुमारे १० हजार मुसलमान राहतात असं त्याने लिहून ठेवलंय. त्यांत सिराफ, ओमान, बसरा, बगदादहून आलेले होते आणि इथेच जन्मलेलेही होते. म्हणजे हजार वर्षांहून जास्त काळ या किनाऱ्यावर मुसलमान घरं आहेत. गलबतातून खजूर आला असेल, पण चूल इथल्याच बायांच्या हातात होती. त्यामुळे तव्यावर तांदळाचं घावन पडत राहिलं आणि माशाच्या सालनात नारळाचं वाटण.

पुढे चारशे वर्षांनी इब्न बतूता याच पश्चिम किनाऱ्याने खाली गेला. होन्नावरच्या सुलतानाकडे तो राहिला. तिथल्या जेवणाचं त्याने अगदी बारकाईने वर्णन केलंय. भात, त्यावर तूप, सोबत मिरी, ओलं आलं, लिंबू आणि आंबा यांची लोणची, शेवटी दही. तिथे ११ महिने राहिलो पण रोटीचा तुकडा मिळाला नाही, कारण इथले लोक भातच खातात, असं तो सांगतो. आता हे जेवण डोळ्यांसमोर आणा. कोकणातल्या कुठल्याही घरात आजही दुपारी हेच असतं! (याच गावात मुलींसाठी १३ मदरसे होते आणि तिथल्या बायकांना कुरआन तोंडपाठ होतं, हेही त्याने लिहिलंय. विषय जेवणाचा आहे, पण हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.)

आता त्या सांदणाबद्दल, ज्याचं नाव आमच्या दहावीवाल्याला माहीत नव्हतं. तांदूळ भिजवून वाटायचे, त्यात नारळाचं दूध आणि थोडी साखर घालायची, पीठ आंबवून वर आलं की वाट्यांत ओतून वाफवायचं. पांढरेशुभ्र, जाळीदार सांदण तयार. मटणाच्या सालनासोबत खा, नाहीतर गोड नारळाच्या दुधात बुडवून. कोकणातले हिंदू शेजारी सांदण करतात ते बरक्या फणसाच्या रसाचं, पिवळंधम्मक. वसईपासून गोव्यापर्यंत ख्रिस्ती घरांत हाच प्रकार सान्ना म्हणून होतो. एकच तांदूळ आणि एकच नारळ, तीन घरांत तीन तऱ्हा.

एक अडचणीची गोष्टही सांगायला हवी. पूर्वी हे पीठ आंबवायला माडाची माडी घालत. झाडावरून नुकताच उतरवलेला रस गोड असतो, पण काही तासांत तो आंबतो आणि नशा आणतो. म्हणून कित्येक मुसलमान घरांनी तो केव्हाच सोडला. काहीजणी नारळाच्या पाण्यात साखर घालून ते रात्रभर ठेवतात आणि ते पिठात घालतात, काहीजणी चिमूटभर यीस्ट वापरतात. चव थोडी बदलते हे खरं. पण पदार्थ टिकला तो अशी तोड काढणाऱ्या बायांमुळे टिकला.

कोकणातून घाट चढून औरंगाबादेत या, म्हणजे आताचं छत्रपती संभाजीनगर. इथे लग्नाच्या दावतीत मान नान-खलियाचा. नान तंदूरमध्ये भाजलेली, वरून हळद-गुळाच्या पाण्याचा हात फिरवून पिवळी चकचकीत केलेली. खलिया म्हणजे मटणाचं पातळ सालन, वर लाल तर्री तरंगते. मुहम्मद बिन तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी दिल्लीहून दौलताबादला हलवली, तेव्हा हजारो माणसांना एकाच वेळी जेवू घालायला हा पदार्थ निघाला, असं शहरात पिढ्यान् पिढ्या सांगतात. कथा छान आहे, पण एक लक्षात ठेवा, त्या काळी हिंदुस्तानात मिरची नव्हतीच. मिरची, बटाटा, टोमॅटो हे सगळं पोर्तुगीजांच्या जहाजांमागून, १४९८ नंतर आलं. म्हणजे तुघलकाच्या सैनिकाने खाल्ला असेल तो खलिया मिरीचा आणि आल्याचा असणार. आजची लाल तर्री ही दख्खनच्या बावर्च्यांची कमाई आहे.

समोशाचंही तसंच. तुघलकाच्याच काळात इब्न बतूताने शाही जेवणातला 'समुसक' पाहिला. बारीक कुटलेलं मांस, बदाम, अक्रोड, पिस्ते, कांदा आणि मसाले पातळ पोळीत भरून तुपात तळलेले. बटाटा नावालाही नाही! रमजानमध्ये इफ्तारला आपण खिम्याचे समोसे करतो ते या मूळ पदार्थाच्या जास्त जवळचे आहेत. माळव्यात मांडूच्या ग़ियासुद्दीन शाहच्या दरबारात १५०० च्या आसपास एक पाककृतींचं चित्रमय पुस्तक तयार झालं, 'निमतनामा'. त्यात समोशाचे किती तरी प्रकार आहेत, आणि सोबत खिचडी, वडे, कढी, पानाचे विडेही. सुलतानाच्या दस्तरखानावर कढी-खिचडी होती, हे आपल्या मुलांना जरूर सांगा.

बुऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात आहे, पण खानदेशच्या सुलतानांची राजधानी ती. तिथली माव्याची जिलेबी खव्यात तिखूर घालून करतात, रंगाने काळपट तपकिरी आणि गुलाबजामसारखी मऊ. मुंबईत रमजानच्या रात्री याच जिलेबीच्या कढईभोवती गर्दी असते. मोहम्मद अली रोडच्या मालपुवा-फिरनीबद्दल आम्ही इथे लिहीत नाही. त्यावर दर रमजानला इतके व्हिडीओ येतात की पुरे.

घरातल्या गोडाबद्दल मात्र लिहायलाच हवं, कारण तेच आधी जातंय. शीर म्हणजे दूध आणि खुर्मा म्हणजे खजूर, दोन्ही शब्द फारसी. पण त्यातल्या शेवया? त्या उन्हाळ्यात अंगणात वळल्या जायच्या आणि बाजेवर, धोतरावर वाळायच्या, शेजारच्या काकूंच्या शेवयांच्या शेजारीच. त्यांच्या खिरीत जायच्या त्याच आपल्या शीरखुर्म्यात. आता पाकीट आणतो. पाकिटाच्या शेवया दुधात पाच मिनिटांत लगदा होतात, हा आमचा अनुभव.

पश्चिम महाराष्ट्रात आणि मराठवाड्यात मोहरमला चोंगे होतात. गुळाच्या पाण्यात कणीक घट्ट मळायची, जाडसर लाटून नक्षीच्या लाकडी ठशावर दाबायची आणि तुपावर भाजायची किंवा तळायची. मलिदा तर त्याहून सोपा, पोळी कुस्करून त्यात गूळ आणि तूप. यामागच्या रिवाजांबद्दल आपल्यात मतभेद आहेत, त्यात आम्ही शिरत नाही, आम्ही पदार्थाबद्दल बोलतोय. आणि गंमत अशी की कोकणातल्या बेने इस्राईल ज्यूंकडेही 'मलिदा' आहे. त्यांचा पोह्यांचा, ओलं खोबरं, साखर, वेलची आणि फळं घातलेला. मन्नत पुरी झाली की ते करतात. नाव तेच, पण तिथे गव्हाच्या जागी पोहे आले. जिथे जे पिकतं ते ताटात येतं, दुसरं काय.

खिचडा आणि हलीम यांत लोक गोंधळतात. दोन्हींचं मूळ अरबांचं हरीस, कुटलेला गहू आणि मांस एकत्र शिजवून घोटलेलं. बगदादच्या दहाव्या शतकातल्या पाककृतींच्या पुस्तकात ते आहे. हैदराबादी हलीममध्ये मांस घोटून पार एकजीव करतात. त्याला २०१० मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. आपल्या खिचड्यात गव्हासोबत चण्याची, मुगाची, मसुरीची डाळ आणि थोडे तांदूळ असतात, आणि मटणाचे तुकडे दाताखाली लागतात. वरून तळलेला कांदा, पुदिना, लिंबू. आम्हाला विचाराल तर खिचडाच सरस. पण हे हैदराबादच्या पाहुण्यांसमोर बोलू नये.

प्यायच्या गोष्टी तर आता लाल सरबत आणि बाटलीवर येऊन थांबल्या आहेत. कोकणातल्या घरात आमसुलाचं सरबत आणि जेवणानंतर सोलकढी होती. घाटावर कैरीचं पन्हं होतं, ज्वारीच्या किंवा नाचणीच्या पिठाची आंबील होती. उन्हाळ्यातल्या रोज्यात इफ्तारला पाण्यात भिजवलेला सब्जा असायचा. यांतलं काहीच महाग नाही.

मग हे सगळं जातंय का? सून दुसऱ्या जिल्ह्यातली आली की चूल बदलते, नोकरीमुळे वेळ नसतो, फ्लॅटमध्ये शेवया वाळवायला जागा नसते, हे तर आहेच. पण मोठं कारण आम्हाला आमच्याच स्वयंपाकघरात कळलं. दादी गेल्यानंतर दोन वर्षांनी आम्ही पहिल्यांदा सांदण करायला घेतलं. तिने सांगितलेलं सगळं आठवत होतं. तांदूळ इतके, नारळ एक, "रात्री भिजवून ठेव, सकाळी वाफव." तसंच केलं. सकाळी झाकण काढलं तर वाट्यांमध्ये कॅरमच्या सोंगट्या! चपटे आणि कडक. दुसऱ्यांदाही तेच. शेवटी रत्नागिरीला फुफींना फोन लावला. त्या हसल्या. "अरे बेटा, तुमच्याकडे पुण्यात जानेवारी आहे. पीठ गारठलंय. पातेलं गोधडीत गुंडाळ आणि दुपारपर्यंत हात लावू नकोस."

दादीने काही लपवलं नव्हतं. तिच्या गावात रात्रीतून पीठ वर यायचंच, तिथली हवाच तशी. त्यामुळे हवेबद्दल काही सांगावं असं तिला कधी वाटलंच नाही. रेसिपीतलं निम्मं असंच असतं, करणाऱ्याला इतकं सवयीचं की तो ते बोलत नाही. "मूठभर" कुणाची मूठ? "अंदाजाने पाणी" म्हणजे नवा तांदूळ की जुना? "ती वाटी" कुठली? ती वाटी तर वाटणीत काकांकडे गेली.

म्हणून नुसतं विचारून लिहून घेऊ नका, करताना शेजारी उभे राहा. अम्मी, नानी, खाला जेव्हा मूठ भरतील तेव्हा ती मूठ पातेल्यात जाण्याआधी वजनकाट्यावर ठेवा. त्या चिडतील, चिडू द्या. पाणी मापाच्या भांड्यातून द्या आणि उरलेलं मोजा. पातेलं कुठलं, आच किती, महिना कुठला, तांदूळ कुठला हे टिपा. हातांचा व्हिडीओ काढा, चेहरा नको असेल तर नको. आणि बिघडलं तर काय करायचं हे नक्की विचारा, कारण खरी माहिती तिथे निघते. हे काम मुलींवर सोपवून मोकळे होऊ नका. आमच्या घरात वजनकाटा दहावीवाल्याकडे दिलाय.

आमच्या वहीत आतापर्यंत चार पदार्थ झालेत. पहिल्या पानावर सांदण, त्यापुढे कंसात त्याच्या अक्षरात, "उन्हाळ्यात ६ तास, थंडीत १४, गोधडी मस्ट." चोंग्यांचं पान अजून कोरं आहे. ठसा नानींच्या पेटीत आहे असं म्हणतात आणि पेटीची किल्ली सापडत नाहीये. मे महिन्यात सगळे गावी जमतील, तेव्हा बघू.