लढाऊ विमानापर्यंतची साठ वर्षे

भारतीय हवाई दलातील महिलांच्या सेवेची चर्चा बहुधा लढाऊ वैमानिकांपासून सुरू होत असली, तरी तिचा आरंभ वैद्यकीय सेवेत झाला. १९५५ मध्ये लष्करी वैद्यकीय सेवेत दाखल झालेल्या डॉ. विजयालक्ष्मी रमणन यांची पुढे हवाई दलात नेमणूक झाली आणि १९७९ मध्ये त्या विंग कमांडर या हुद्द्यावरून निवृत्त झाल्या. इतर शाखांची दारे मात्र नव्वदच्या दशकातच उघडली. १९९९ च्या कारगिल युद्धात गुंजन सक्सेना आणि श्रीविद्या राजन यांनी चीता ही हलकी हेलिकॉप्टरे युद्धक्षेत्रात चालवली, आणि महिलांना युद्धभूमीवर पाठवावे की नाही, या वादाला कृतीनेच उत्तर दिले.

या अधिकाऱ्यांची नियुक्ती ‘शॉर्ट सर्व्हिस कमिशन’ या पद्धतीची, म्हणजे ठरावीक मुदतीची असे. ही मुदत फार तर १४ वर्षांपर्यंत वाढे, तर अधिकाऱ्याला निवृत्तिवेतनासाठी सामान्यतः २० वर्षांची सेवा लागते. त्यामुळे उमेदीची वर्षे दलाला देऊनही त्यांना निवृत्तिवेतनाविना बाहेर पडावे लागे. याविरुद्ध महिला अधिकारी न्यायालयात गेल्या आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०१० मध्ये त्यांना कायम कमिशन, म्हणजे निवृत्तीच्या वयापर्यंतची सेवा, देण्याच्या बाजूने निकाल दिला.

लढाऊ विमानांची परवानगी २०१५ मध्ये मिळाली. १८ जून २०१६ रोजी हैदराबादजवळील डुंडीगल येथील अकादमीतून अवनी चतुर्वेदी, भावना कंठ आणि मोहना सिंग या लढाऊ शाखेत दाखल झाल्या, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये चतुर्वेदी यांनी जामनगरहून मिग-२१ बायसन हे विमान एकटीने उडवले. असे विमान वेगात तीव्र वळण घेते तेव्हा वैमानिकाला आपले शरीर कित्येक पट जड झाल्यासारखे वाटते आणि रक्त पायांकडे ओढले जाते. अशा वेळी ‘जी-सूट’ हा विशेष पोशाख हवेने फुगून पाय व पोट आवळतो आणि वैमानिक पोटाचे व पायांचे स्नायू ताठ ठेवून शुद्ध टिकवतो. ही क्षमता निवड, सराव आणि शिस्त यांतून घडते.

जमिनीवरचे कामही तितकेच निर्णायक असते. रडारच्या पडद्यावर नजर ठेवून शत्रूच्या विमानाची दिशा, उंची आणि अंतर आपल्या वैमानिकाला क्षणाक्षणाला सांगणाऱ्या अधिकाऱ्याला ‘फायटर कंट्रोलर’ म्हणतात. फेब्रुवारी २०१९ मधील हवाई चकमकीत ही जबाबदारी पार पाडणाऱ्या मिंटी अग्रवाल युद्ध सेवा पदक मिळवणाऱ्या पहिल्या महिला ठरल्या.

हा सारा क्रम पाहता, विलंब महिलांच्या कुवतीमुळे नव्हे, तर नियमांमुळे झाला, असेच म्हणावे लागते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ मधील आदेशानंतर पुण्याजवळील खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत मुलींना प्रवेश मिळाला आणि मे २०२५ मध्ये १७ मुलींची पहिली तुकडी तेथून उत्तीर्ण झाली. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित घेणाऱ्या मुलीलाही आता या प्रबोधिनीची प्रवेश परीक्षा देता येते, ही माहिती गावोगावच्या शाळांनी आणि पालकांनी तिच्यापर्यंत पोचवली पाहिजे.