हिमवादळातली हजेरी

एप्रिल १९७५ च्या सुरुवातीला हिमवादळानं शिकागो ठप्प झालं. ‘सियर्स’ या बड्या किरकोळ विक्री कंपनीचं मुख्यालय तेव्हा तिथंच होतं. कामावर पोचायचं तर बर्फ तुडवत, रखडलेल्या गाड्यांची वाट बघत जायचं. घरी बसलं, तर कुणालाही पटेल असं कारण हाताशी होतं. फ्रँक स्मिथ या मानसशास्त्रज्ञानं नेमका हा दिवस अभ्यासासाठी धरला. काम, पगार, वरिष्ठांची वागणूक, पुढच्या बढतीची आशा यांबद्दल कर्मचाऱ्यांना काय वाटतं, याची पाहणी काही महिने आधीच झालेली होती. स्मिथनं विभागवार उत्तरं आणि त्या दिवसाची हजेरी शेजारी शेजारी ठेवली. एका विभागात ३९ टक्के माणसं आली होती, दुसऱ्यात ९७ टक्के. ज्या विभागात समाधान जास्त, तिथं हजेरीही जास्त. त्याच दिवशी न्यूयॉर्कच्या कार्यालयात हवेचा काही त्रास नव्हता. तिथं खूश असलेले आणि वैतागलेले जवळपास सगळेच आले. समाधानाचा हजेरीशी संबंध दिसलाच नाही.

या विषयावर बरंच संशोधन झालंय, पण मला हा अभ्यास सर्वांत बोलका वाटतो. कामात जीव रमत नसला की माणूस दांड्या मारतो आणि शेवटी नोकरी सोडतो, असं आपण धरूनच चालतो. मोजायला गेलं की हा दुवा अशक्त निघतो. अनेक अभ्यास एकत्र केले, तर समाधान आणि नोकरी सोडणं यांचा सहसंबंध उणे ०.२ च्या आसपास येतो. म्हणजे कोण टिकतं आणि कोण जातं, यातल्या फरकाचा जेमतेम ४ टक्के भाग समाधानावरून कळतो. मनाचा कौल हजेरीत उतरायचा, तर निवड माणसाच्या हातात असावी लागते. पगार कापला जाणार असेल, तर मन नसलं तरी माणूस रोजची लोकल पकडतोच.

याची दुसरी बाजू रिचर्ड स्टीअर्स आणि सुझन ऱ्होड्स यांनी १९७८ मध्ये मांडली. कामावर येण्याची इच्छा वेगळी आणि येणं जमणं वेगळं. पोराला ताप आला, तर कामावर कितीही प्रेम असलं तरी खाडा पडतो. मुंबईचा गिरणी कामगार शिमग्याला, गणपतीला कोकणात जायचा, तेव्हा त्याच्या जागी बदली कामगार उभा राहायचा. त्या खाड्यात गिरणीवरचा राग शोधणं चूकच.

नोकरी सोडण्याचंही तसंच. नाराजी आणि राजीनामा यांच्यामध्ये किती पायऱ्या असतात, हे विल्यम मोब्ली यांनी १९७७ मध्ये दाखवलं. सोडावं असं मनात येणं, सोडल्यावर काय गमवावं लागेल याचा हिशेब, दुसरीकडे चाचपणी, तुलना, मग निर्णय. बाजारात नोकऱ्या मुबलक असल्या की या पायऱ्या भराभर ओलांडल्या जातात. बेकारी वाढली की नाराज माणूस पहिल्या पायरीवरच अडकतो, आणि मालकाला वाटतं सगळं आलबेल आहे.

सोडण्याचा हा हिशेब बदलला की काय होतं, ते फोर्डच्या मोटार कारखान्यात दिसलं. तिथं १९१३ मध्ये सुमारे १४ हजारांचं मनुष्यबळ टिकवण्यासाठी वर्षात ५० हजारांहून जास्त माणसं भरावी लागली. रोज दहातला एक गैरहजर. जानेवारी १९१४ मध्ये हेन्री फोर्डनं आठ तासांच्या दिवसाला पाच डॉलर जाहीर केले, म्हणजे आधीच्या दुपटीहून जास्त. १९१५ पर्यंत कामगार सोडून जाण्याचं प्रमाण ३७० टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आलं. सरकत्या पट्ट्यावरचं काम मात्र तेवढंच कंटाळवाणं राहिलं. माणसं टिकली ती सोडणं महाग झालं म्हणून, असं माझं वाचन.

मग हजेरीपटातून मनाचा काहीच अंदाज येत नाही का? थोडा येतो. एकूण किती दिवस बुडाले यापेक्षा किती वेळा बुडाले, याचा नाराजीशी संबंध जास्त दिसतो. ब्रिटनमध्ये वापरला जाणारा ‘ब्रॅडफर्ड फॅक्टर’ही खेपाच मोजतो, पण वारंवारच्या छोट्या खाड्यांनी कामाचा जास्त खोळंबा होतो, या समजावर तो उभा आहे. त्यात खाड्यांच्या खेपांचा वर्ग करून त्याला एकूण दिवसांनी गुणतात. सलग दहा दिवस आजारी पडलेल्याचे गुण १०. दहा वेळा एकेक दिवस न आलेल्याचे १०००. अनेक ठिकाणी हे गुण ठरावीक आकड्यापलीकडे गेले की ताकीद मिळते. आणि उपचारांसाठी दहा वेळा एकेक दिवस रुग्णालयात जावं लागलेल्या माणसाचेही गुण १००० च होतात.